चेन की बेल्ट? आधी शाफ्टचे फेरे बघा

कुणी मला विचारलं की इथे चेन लावू की बेल्ट, तर मी आधी उलट विचारते: तो शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मिनिटाला किती फेरे घेतो? मी देखभाल विभागात काम करते. ड्राइव्ह, म्हणजे एका शाफ्टचं फिरणं दुसऱ्याकडे नेणारी जोडणी, कुणीतरी निवडतं, मशीन चालू होतं, आणि पुढे तो ड्राइव्ह घसरायला, ओरडायला किंवा तुटायला लागला की काम माझ्याकडे येतं. सतत त्रास देणारे जे ड्राइव्ह मी उघडले, त्यातल्या बहुतेकांत माल चांगलाच होता. चेन वेगाच्या जागी बसली होती किंवा बेल्ट ताकदीच्या जागी, एवढंच.

हिशोब साधा आहे. किलोवॅटला ९५५० ने गुणायचं आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी (आरपीएम) भागायचं. उत्तर येतं तो टॉर्क, म्हणजे शाफ्टला पिळणारा जोर, न्यूटन-मीटरमध्ये. ५.५ किलोवॅटची, १४४० आरपीएमची मोटर घ्या. तिच्या शाफ्टवर टॉर्क साधारण ३६.५ न्यूटन-मीटर. त्यावर १२५ मिमी व्यासाची पुली असेल तर पुलीच्या कडेला ओढ बसते ५८४ न्यूटन, म्हणजे सुमारे ६० किलोची. दोन-तीन व्ही-बेल्ट (पुलीच्या खाचेत बसणारे, तिरक्या बाजूंचे बेल्ट) हे काम कुरकुर न करता करतात.

आता तीच ताकद गिअरबॉक्समधून ६० आरपीएमवर आणा. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद सोडून दिली तर टॉर्क होतो ८७५ न्यूटन-मीटर. चाक २५० मिमीचं धरलं तर कडेची ओढ ७००० न्यूटन, म्हणजे ७०० किलोच्या वर. किलोवॅट तेवढेच, पण ओढ बारापट. इथे बी सेक्शनचे, म्हणजे बी मापाचे व्ही-बेल्ट लावायला गेलात तर दहा-बारा बेल्टांची रांग लागेल. शिवाय बेल्टला पकडीसाठी सैल बाजूलाही ताण ठेवावा लागतो, त्यामुळे शाफ्टवर एकूण ओढ ७००० च्या दीडपट, म्हणजे १०,००० न्यूटनच्या वर जाते. ती सगळी बेअरिंगने सोसायची. त्याच जागी १६बी आकाराची, २५.४ मिमी पिचची (पिच म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) एकपदरी रोलर चेन ३१ दातांच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, बसते. स्प्रॉकेटचा व्यास २५१ मिमी येतो, आणि आयएसओ ६०६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्या चेनची किमान तुटण्याची क्षमता ६०,००० न्यूटन आहे. म्हणजे आपल्या ओढीच्या साडेआठपट. चेनच्या सैल बाजूला ताण जवळजवळ नसतोच, त्यामुळे बेअरिंगवर जादा बोजा येत नाही.

म्हणून मोटरकडच्या वेगवान बाजूला बेल्ट आणि गिअरबॉक्सनंतरच्या संथ बाजूला चेन, ही माझी पहिली मांडणी असते. ती मोडायला कारण लागतं. एकाच कन्व्हेयरवर दोन्ही असणं अगदी योग्य आहे.

उलट्या बाजूने पाहा. वेगवान शाफ्टवर चेन का नको? स्प्रॉकेट गोल दिसतं, पण चेन त्यावर बहुभुजासारखी बसते. प्रत्येक दात चेनला किंचित वर उचलतो, किंचित खाली सोडतो आणि त्याबरोबर चेनचा वेग कमी-जास्त होतो. ११ दातांच्या स्प्रॉकेटवर हा फरक ४ टक्के असतो, १७ दातांवर १.७, आणि २५ दातांवर ०.८ टक्के. १४४० आरपीएमला १७ दात म्हणजे सेकंदाला ४०८ वेळा रोलर दातावर आदळतो. हा आवाज गार्ड लावून जात नाही. अशा वेगाला तेलही ब्रशने लावून भागत नाही; बंद पेटी आणि ऑइल बाथ किंवा पंपाने तेलाची धार हवी. ते सगळं करता येतं, केलेलंही असतं. पण तिथे बेल्ट चालत असेल तर एवढा खटाटोप कशाला?

अडकलं तर काय व्हायला हवं?

वेगाखालोखाल हा प्रश्न. मशीनमध्ये काही अडकलं, तर ड्राइव्हने सोडून द्यायचं की धरून ठेवायचं?

व्ही-बेल्ट घसरतो. मोठा पंखा सुरू होताना, क्रशरमध्ये मोठा दगड आल्यावर हे घसरणं मोटरला आणि शाफ्टला वाचवतं. धक्के रबरात जिरतात. मात्र घसरणं म्हणजे सुरक्षेची सोय असं धरून चालू नका. अडकलेल्या पुलीवर बेल्ट फिरत राहिला तर मिनिटभरात धूर येतो, आणि आजूबाजूला ज्वलनशील धूळ असेल तर प्रकरण गंभीर होतं. मोटरचा ओव्हरलोड रिले (जादा भार आला की वीज तोडणारा) नीट सेट केलेला हवाच.

चेन घसरत नाही. अडकलं तर चेन तुटते, नाहीतर चावी (चाकाला शाफ्टवर धरून ठेवणारा लोखंडी तुकडा) कापली जाते, नाहीतर शाफ्ट पिळला जातो. यातलं काय होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून अडकण्याची शक्यता असलेल्या चेन ड्राइव्हवर शिअर पिन (जादा जोराला आधी तुटणारी पिन) किंवा टॉर्क लिमिटर (ठरलेल्या जोरावर सोडून देणारा) लावायला मी आग्रहाने सांगते. तुटायचंच असेल तर आपण ठरवलेल्या जागी, बदलायला सोप्या तुकड्यात तुटू दे.

दोन शाफ्टचा मेळ कायम राहायला हवा असेल, म्हणजे एक खाली येताना दुसरा ठरलेल्या जागी असायला हवा असेल, तर व्ही-बेल्टचं नाव काढू नका. नीट ताणलेला व्ही-बेल्टही एक-दोन टक्के मागे राहतोच. तिथे चेन किंवा टायमिंग बेल्ट, म्हणजे दातांचा बेल्ट. आणि उचललेला भार धरून ठेवायचं काम घर्षणावर चालणाऱ्या बेल्टला कधीच देऊ नका.

जागा बघून या

कागदावर ठरवण्याआधी जागेवर जाऊन उभं राहा. भट्टीजवळची गरम जागा असेल तर चेन. व्ही-बेल्टचं रबर उष्णतेने कडक होतं, पोटाला भेगा पडतात. बेल्टचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ठोकताळा धरतात. कापड, कागद, औषध यांच्यावर तेलाचा थेंब पडून चालत नसेल तर बेल्ट. तेलाचे शिंतोडे उडत असतील तर पुन्हा चेन, कारण तेल लागलेला साधा बेल्ट फुगतो आणि पकड सोडतो. कोरडी, खरखरीत धूळ मात्र दोघांनाही खाते. उघड्या चेनवर तेल आणि धूळ मिळून पॉलिश पेस्टसारखं काम करतं, बेल्टच्या बाजूला पुलीच्या खाचा झिजतात. अशा जागी मी निवडीपेक्षा बंद गार्डवर जास्त वेळ घालवते. धूळ पेट घेणारी असेल तर स्थिर वीज साचू न देणारा, आयएसओ १८१३ प्रमाणे तपासलेला बेल्ट मागवा.

अजून एक गोष्ट ड्रॉइंगवर कुणी बघत नाही. बेल्ट अखंड असतो. पुली दोन बेअरिंगच्या मधोमध असेल तर बेल्ट बदलायला एका टोकाचं बेअरिंग उघडावं लागतं. चेन कुठेही सोडता येते, कुठेही जोडता येते. मध्ये अडकलेल्या पुलीचा बेल्ट बदलण्यात सगळी पाळी गेलेली मी पाहिली आहे. तिथे चेन असती तर काम चहाच्या सुटीआधी उरकलं असतं. अशा जागी फेरे कमी असतील तर मी डोळे मिटून चेन सुचवते.

हात घालण्याआधी

वीज बंद करा, आयसोलेटरला (मशीनची वीज तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि मग स्टार्टचं बटण दाबून खात्री करून घ्या. चढाचा कन्व्हेयर असेल तर एवढ्याने भागत नाही. चेन काढली की वरचा माल पट्ट्याला उलटा ओढतो. आधी पट्टा रिकामा करा किंवा ड्रम अडवा. फिरवून बघायचं असेल तर चेन किंवा बेल्ट धरून फिरवू नका. बोट दाताखाली किंवा खाचेत जायला अर्धा फेरा पुरतो.

चेन बसवताना

लहान स्प्रॉकेटला शक्यतो १७ दात तरी घ्या. दोन शाफ्टमधलं अंतर ३० ते ५० पिच असावं, आणि लहान स्प्रॉकेटला चेनचा वेढा किमान १२० अंश मिळावा. एका टप्प्यात वेग ७ ला १ पेक्षा जास्त घटवू नका.

लांबी अशी काढा. अंतर पिचमध्ये मोजा आणि दुप्पट करा. त्यात दोन्ही स्प्रॉकेटच्या दातांची निम्मी बेरीज मिळवा. मग दातांमधला फरक ६.२८ ने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला अंतराने भागा आणि तेही मिळवा. १७ आणि ५१ दात, अंतर ४० पिच: ८० अधिक ३४ अधिक ०.७३, म्हणजे ११४.७३. हा आकडा पुढच्या सम संख्येवर न्या, ११६ कड्या, आणि मोटर थोडी मागे सरकवून अंतर जुळवा. सम संख्या यासाठी, की विषम आली तर वाकडी अर्धी कडी घालावी लागते आणि अख्ख्या चेनमध्ये तीच सगळ्यात कमजोर असते. कड्या सम आणि लहान स्प्रॉकेटचे दात विषम असले की तीच कडी दर फेरीला त्याच दातावर येत नाही, झीज वाटली जाते.

दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरा. चारही ठिकाणी टेकला पाहिजे. प्लेटांची आतली बाजू चकाकत असेल तर जुळवणी चुकलेली आहे, दुसरं कारण शोधत बसू नका. ओढणारी बाजू वर, सैल बाजू खाली ठेवा. सैल बाजू वर असली की झोल लहान स्प्रॉकेटवर लोळतो आणि चेन दातातून वेळेवर सुटत नाही. आडव्या ड्राइव्हला मधोमध वर-खाली मिळून होणारी हालचाल शाफ्टमधल्या अंतराच्या २ ते ४ टक्के ठेवा. अंतर एक मीटर असेल तर २० ते ४० मिमी. उभा ड्राइव्ह, धक्के किंवा उलट-सुलट फिरणं असेल तर याच्या निम्मी. चेन वीणेच्या तारेसारखी ताणणारे फिटर मला सगळीकडे भेटतात. तशा चेनने पिन, बुश आणि बेअरिंग तिन्ही लवकर जातात.

चेन जोडणाऱ्या कडीच्या लॉकची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला. उघडं टोक पुढे असेल तर कशाला तरी घासून क्लिप निघते.

आता तेल. आपण वापरतो ती बुश (पिनभोवतीची नळी) असलेली रोलर चेन हॅन्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये आणली. त्यात पिनचा भार प्लेटच्या कडेऐवजी बुशच्या पूर्ण लांबीवर पडतो, म्हणून ती टिकते. तेल हवं असतं ते नेमकं तिथे, पिन आणि बुश यांच्यामधल्या फटीत. रोलरवर थापलेलं घट्ट ग्रीस तिथपर्यंत पोचतच नाही, बाहेर धूळ मात्र गोळा करतं. मोटर ऑइलसारखं पातळ तेल घ्या आणि खालच्या सैल बाजूला, चेनच्या आतल्या अंगाने, प्लेट आणि प्लेट यांच्यामधल्या फटीत सोडा. सैल बाजूला सांधे मोकळे असतात, तेल आत शिरतं. चेन फिरली की ते बाहेरच्या दिशेला फेकलं जातं, म्हणून आतून लावायचं. प्लेटांच्या फटीतून तांबूस भुकटी दिसायला लागली की सांधा आतून कोरडा चालतोय. बाहेरून चेन कितीही तेलकट दिसू दे, त्या भुकटीवर विश्वास ठेवा.

चेन लांबते म्हणतात तेव्हा प्लेट ताणलेल्या नसतात. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश थोडे थोडे झिजलेले असतात. ते डोळ्याने कळत नाही, मोजावं लागतं. चेनची एक बाजू ताणून धरा. एका पिनच्या टोकाच्या डाव्या कडेपासून बाराव्या पिचच्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. २५.४ मिमी पिचची नवी चेन ३०४.८ मिमी भरेल. ३१४ झाली की ३ टक्के झाले, चेन काढा. मोठ्या स्प्रॉकेटला ६७ पेक्षा जास्त दात असतील तर मर्यादा आणखी खाली येते: २०० ला दातांच्या संख्येने भागा, म्हणजे ८० दातांना २.५ टक्के. चेनवर तीन-चार ठिकाणी मोजा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. दात आकड्यासारखे एका बाजूला वळलेले दिसले तर स्प्रॉकेटही बदला. वळलेल्या दातांवर नवी चेन चढवणं म्हणजे ती मुद्दाम झिजवणं. जुन्या चेनमध्ये दोन नव्या कड्या घालून वेळ मारून नेऊ नका, त्या पिचला जुळत नाहीत आणि प्रत्येक फेरीला धक्का देतात.

बेल्ट बसवताना

व्ही-बेल्टची सगळी ताकद त्याच्या दोन तिरक्या बाजूंत आहे. खाचेचा कोन ३८ अंश धरला तर पाचर बसल्यामुळे पकड सपाट पट्ट्याच्या तिप्पट होते. म्हणून बेल्टचं पोट खाचेच्या तळाला कधीही टेकता कामा नये. पुलीच्या खाचेत टॉर्च मारून बघा. तळ गंजलेला किंवा मळका असेल तर ठीक. तळ आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट तळावर चालतोय, पाचर सुटली आहे, आणि कितीही ताणलात तरी तो घसरणारच. खाचेच्या बाजूंवर गेज किंवा लहान सरळ पट्टी धरा. मध्ये खळगा दिसला तर नवा बेल्ट मागवण्याआधी पुली बदला.

बेल्ट चढवताना मोटर पुढे सरकवा. स्क्रू ड्रायव्हर घालून, पुली फिरवत बेल्ट चढवण्याची सवय फार पसरलेली आहे आणि मला तिचा राग येतो. बेल्टच्या आत ताण घेणाऱ्या दोऱ्या असतात. त्या तुटल्या तरी बाहेरून काहीच दिसत नाही, मग काही दिवसांत बेल्ट खाचेत उलटा होतो आणि दोष बनवणाऱ्याला दिला जातो. एका पुलीवर तीन बेल्ट असतील तर तिन्ही एकदम, एकाच संचातले बदला. दोन जुने एक नवा असं केलं तर नवा एकटा सगळा भार ओढतो.

ताणासाठी दोन पुलींमधल्या मोकळ्या लांबीच्या मधोमध स्प्रिंगचा ताणकाटा लावून दाबा. दर मीटरला १६ मिमी दबला पाहिजे. तेवढं दाबायला किती जोर लागला ते बेल्टच्या तक्त्याशी ताडून बघा. बोटाने दाबून अंदाज बांधू नका, प्रत्येकाचं बोट वेगळं. जुळवणी अर्ध्या अंशाच्या आत हवी. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि सैल होतो, म्हणून एक पाळी चालल्यावर पुन्हा ताण तपासा. हे राहून जातं, आणि नवा बेल्ट लवकर जाण्याचं मला सापडणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. सुरू करताना किंचाळला तर ताणा. चिकट स्प्रे मारून आवाज दाबू नका, त्याने रबर खराब होतं.

घसरण मोजायची असेल तर फेरे मोजणारा टॅकोमीटर काढा. मोटर १४४० वर, पुली १२५ आणि २५० मिमी, म्हणजे खालचा शाफ्ट ७२० दाखवायला हवा. भार असताना ७०५ आला तर दोन टक्के, चालेल. ६८४ म्हणजे पाच टक्के. बेल्ट तापतोय, बंद करून बघा.

टायमिंग बेल्टबद्दल थोडक्यात. घसरत नाही, तेल लागत नाही, आणि कार्यक्षमता चेनइतकीच, ९८ टक्क्यांच्या आसपास. पण जुळवणी पाव अंशाच्या आत हवी, लहान पुलीवर किमान सहा दात गुंतलेले हवेत, आणि दातात खडा आला तर तो माफ करत नाही. साठवताना घडी घालू नका. आतली दोरी एकदा मुडपली की बेल्ट त्याच जागी तुटतो.

चेन काढून बेल्ट लावायचा असेल तर

तेलकटपणाला कंटाळून हा बदल बरेच जण मागतात. मी आधी चार गोष्टी विचारते. शाफ्टचे फेरे किती, ते तर झालंच. दुसरं, मोटर मागे-पुढे सरकवायला रेलवर जागा आहे का? चेनसाठी थोडी पुरते, बेल्टला चढवण्यासाठी आणि ताणण्यासाठी जास्त लागते. तिसरं, शाफ्टचं टोक किती लांब आहे? पुली स्प्रॉकेटपेक्षा रुंद असते, ती बेअरिंगपासून दूर गेली की शाफ्टवर वाकवणारा भार वाढतो. म्हणून पुली जमेल तेवढी बेअरिंगला चिकटवून बसवा, आणि व्यास वाढवायला जागा असेल तर वाढवा, ओढ तेवढी कमी होते. चौथं, गिअरबॉक्सच्या नेमप्लेटवर किंवा तक्त्यात शाफ्टवर चालणारा आडवा भार दिलेला असतो. वर काढली तशी दीडपट ओढ त्या आकड्याच्या आत बसते का ते बघा. बसत नसेल तर बाहेर वेगळं बेअरिंग देऊन आधार द्या किंवा चेन राहू द्या आणि तिला तेलाची बंद पेटी करून द्या. बदल केलाच तर पहिल्या तासाभरात बेअरिंगचं तापमान दोनदा मोजा, आधीच्या नोंदीशी ताडा, आणि दुसऱ्या मोजणीत ते चढतच असेल तर ताण आणि जुळवणी परत तपासल्याशिवाय पूर्ण भार देऊ नका.